तिहेरी शर्यतीचा सराव : आराखडा कसा निवडावा?

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईच्या ओआहू बेटावर पंधरा माणसे समुद्रात उतरली. अमेरिकन नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी त्या बेटावरील तीन निरनिराळ्या शर्यती एकाच दिवसात एकापाठोपाठ एक गुंफल्या होत्या : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर पुरी मॅरेथॉन, म्हणजे ४२.२ किलोमीटर धावणे. बारा जणांनी ती शेवटास नेली. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलर यास पावणेबारा तासांवर जवळजवळ दोन मिनिटे लागली. दुसऱ्या आलेल्या गड्याच्या मदतनिसांजवळचे पाणी वाटेतच संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर दिली. एवढ्यावरून त्या वेळच्या पूर्वतयारीची कल्पना यावी.

आज परिस्थिती नेमकी उलट आहे. ‘ट्रायथलॉन’ या नावाने ही तिहेरी शर्यत जगभर पसरली आणि तिच्यासाठी सोळा आठवड्यांचे, वीस आठवड्यांचे, तीस आठवड्यांचे असे सरावाचे छापील तक्ते हवे तेवढे मिळू लागले. अडचण मिळण्याची नाही, निवडण्याची आहे. २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर या शर्यतीचा अर्धा पल्ला, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल व २१.१ किलोमीटर धावणे, गोव्यात प्रथम झाला. तेव्हापासून हा प्रश्न आपल्याकडील कित्येक घरांत शिरला आहे.

समजा, बेळगावातील चाळिशीचा, बँकेत नोकरी करणारा एक गृहस्थ या शर्यतीसाठी तक्ता निवडावयास बसला आहे. स्वाभाविकपणे तो प्रथम शर्यतीत यशस्वी झालेल्या कोणा नामांकित खेळाडूचा तक्ता उचलील. येथेच बहुतेकांचा पाय घसरतो. त्याने आधी गेल्या चार आठवड्यांत आपल्या हातून प्रत्यक्ष किती तास व्यायाम झाला, हे वहीत मांडावे. करावयाचा होता तो नव्हे, झाला तो. ही बेरीज आठवड्याला चार तास भरत असेल आणि तक्त्याचा पहिलाच आठवडा नऊ तासांचा असेल, तर तो तक्ता बाजूस ठेवावा, मग त्यावर नाव कोणाचेही असो. कारण साधे आहे. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात. हाडे आणि टाचेमागची शीर यांना महिनेच्या महिने लागतात. दम पुरतो म्हणून माणूस धावत राहतो, आणि नडगीचे हाड मात्र आतल्या आत चिरत जाते.

दुसरी गोष्ट वेगाची. तक्त्यातील बहुतेक दिवस जर धापा टाकण्याचे असतील तर तो घेऊ नये. नॉर्वेत काम करणारे अमेरिकन संशोधक स्टीफन सायलर यांनी लांब पल्ल्याच्या उत्तमोत्तम खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा सुमारे ऐंशी टक्के सराव सहज बोलता येईल अशा संथ गतीचा आढळला. मार्क ॲलन याचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. हवाईची शर्यत तो १९८९ पूर्वी सहा वेळा लढला व एकदाही जिंकला नाही. आरंभी रोज घड्याळाशी झुंज घेणारा हा खेळाडू, फिल मॅफेटोन यांच्या सल्ल्यावरून, नाडीचे ठोके एका ठराविक मर्यादेपलीकडे जाऊ न देता धावू लागला. सुरुवातीस त्या मर्यादेत त्याला मैलास आठ मिनिटांहून अधिक वेळ लागे. जगज्जेत्या होऊ पाहणाऱ्यास ही चाल म्हणजे अपमानच. परंतु तितक्याच ठोक्यांत त्याची गती हळूहळू वाढत गेली. १९८९ मध्ये, सहा वेळा विजेत्या ठरलेल्या डेव्ह स्कॉट यास त्याने आठ तासांहून अधिक चाललेल्या झुंजीनंतर अवघ्या ५८ सेकंदांनी मागे टाकले, आणि पुढे स्वतःही ती शर्यत एकूण सहा वेळा जिंकली.

आता पंचांगाकडे वळावे. गोव्याची शर्यत ऑक्टोबरात वा नोव्हेंबरात होत आली आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून वीस आठवडे मागे मोजले की बोट बरोबर जूनच्या पहिल्या पंधरवड्यावर, मृगाच्या पावसावर पडते. युरोपात वा अमेरिकेत रचलेल्या तक्त्यात हे आठवडे लख्ख उन्हाळ्याचे असतात. तेथे ‘रविवारी चार तास सायकल, नंतर अर्धा तास धावणे’ असे लिहिणाऱ्यास बेळगावच्या झडीची कल्पना असण्याचे कारण नाही. पावसाळ्यात गोव्याचा समुद्र पोहण्यास धोक्याचा. म्हणून जून ते ऑगस्ट पोहणे तलावात, सायकल पुष्कळदा घरातच स्टँडवर चढवून, आणि समुद्राचा सराव नारळी पौर्णिमा उलटून पाणी निवळल्यावर, तोही सोबतीने, अशी फिरवाफिरव ज्या तक्त्यात करता येते तोच कामाचा. तलावात तळाशी रेघ असते. समुद्रात मान वर काढून किनाऱ्यावरची खूण शोधावी लागते, आणि हे ऐन वेळी शिकता येत नाही.

उष्म्याचेही तसेच. सुमारे अडीच हजार फूट उंचीवरच्या बेळगावातील गारव्यात केलेली तयारी मिरामारच्या दमट उन्हात अपुरी पडते. शरीर उष्णतेस सरावण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. घाम लवकर फुटू लागतो, नाडी उतरते. तेव्हा चोर्ला घाट उतरून शर्यतीच्या आदल्या दिवशी पणजीत पोहोचण्याचा बेत असेल, तर निदान दोन आठवडे दुपारच्या उन्हात हलके धावण्याची जागा तक्त्यात हवी.

घराचा विचार फार थोडे तक्ते करतात. पहाटे साडेचारास उठणाऱ्याचे रात्री नवास झोपणे सबंध कुटुंबाला पाळावे लागते; त्याच्या रविवारच्या पाच तासांत बाजारहाट व मुलांचा अभ्यास पत्नीच्या वाट्यास येतो. तक्ता ठरण्यापूर्वी तो तिच्यापुढे ठेवावा, आणि तिने एखाद्या रविवारावर काट मारली तर ती निमूटपणे मान्य करावी. मूल तापाने फणफणले, बँकेत हिशेबतपासणी आली, की दिवस बुडतातच. बुडालेला सराव दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढावयास जो तक्ता सांगतो तो अज्ञानाने रचलेला समजावा. दर तिसऱ्या वा चौथ्या आठवड्यास भार उतरविलेला आहे की नाही, हेही पाहावे.

आणि शेवटचे दोन आठवडे. येथे सरावाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर यावे, मात्र थोडे वेगाचे धावणे सुटू नये. नवख्या माणसाला याच दिवसांत पाय जड वाटतात, मन खात राहते, आणि राहून गेलेली शंभर किलोमीटरची सायकल आताच मारून टाकावी असे वाटू लागते. त्या रविवारी त्याने सायकलला तेल द्यावे, पिशवीत काय काय न्यावयाचे याची यादी करावी आणि दुपारी झोपावे.