सर फार कडक आहेत!
(उत्सवातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी रुळांवर काम करणारा डिप्लोमा इंजिनिअर. भाषणाची सवय नाही, पण कमिटीचा आग्रह मोडवेना.

आपल्या बदल्या शाळेचे वर्ष बघून होत नाहीत. आम्ही गोंदियाहून बिलासपूरला आलो. मला क्वार्टर मिळाले, हे मंडळ मिळाले. मुलीला मात्र नवी शाळा, सगळा कारभार हिंदीतून आणि मैत्रीण एकही नाही. अशा वेळी कडक सर आणखीच कडक वाटतात. ती तेव्हा नववीत. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी पोट दुखायचे. डॉक्टरांना दाखवले, काही निघाले नाही. दोन्ही दिवशी पहिला तास गणिताचा, हे तिच्या आईच्या लक्षात आले.

ड्रायव्हरने 'अमुक ठिकाणी गाडीला झटका बसला' असा निरोप दिला की आम्ही तो खोटा मानत नाही, आणि लगेच कुणाला मेमोही देत नाही. किलोमीटर विचारतो, तिथे गाड्यांचा वेग कमी करायला लावतो, मग स्वतः जाऊन रूळ बघतो. घरीही तेच केले. "सर वाईट आहेत" यावर हो-नाही न म्हणता विचारले, नेमके काय झाले? तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. पायऱ्या गाळल्या की सर गुण कापतात, ही एक. यात मी सरांच्या बाजूचा. बोर्डातही पायऱ्यांना गुण असतातच. दुसरी म्हणजे, चुकलेली वही वर्गाला दाखवून हसायचे. याला कडकपणा म्हणत नाहीत.

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ ने शाळेत मारायला आणि मानसिक छळालाही मनाई केली आहे. तो कायदा ६ ते १४ वयासाठी. पण पंधरावे लागले म्हणून पोरीचा अपमान चालतो, असे थोडेच आहे!

तरी थेट प्रिन्सिपॉलकडे गेलो नाही. आधी तिलाच विचारले, सरांना भेटू का? म्हणाली, "भेटा बाबा, पण मीपण येणार. आणि आवाज चढवायचा नाही." (माझा आवाज साइटवरचा आहे, तुम्ही ऐकताच आहात.) पायऱ्यांचे तीच बोलली. वहीचे मी बोललो, दोन वाक्यांत. सर जरा चपापले. त्यानंतर वही दाखवणे थांबले, पोटदुखीही गेली. थांबले नसते तर लेखी अर्ज करायचा, हे आमचे ठरलेले होते.

सर अजूनही गुण कापतात. तिचे त्यांच्याशी फारसे जमत नाही, आणि जमलेच पाहिजे असा आमचा आग्रह नाही.

कुणाच्या घरी असा विषय चालू असेल तर आरतीनंतर भेटा. मी मागे प्रसादाच्या टेबलापाशी असतो.