महापौर नव्हता तेव्हा

मुंबईला महापौर मिळाला तो १९३१ साली. त्याआधी महापालिकेचा अध्यक्ष असे आणि त्याहीआधी, पालिका नव्हती तेव्हा, ‘जस्टिस ऑफ द पीस’ ही मंडळी शहराचा कारभार पाहत. १८३०च्या दशकात ज्या मोजक्या भारतीयांना हा मान मिळाला, त्यांत गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे होते. म्हणजे आपले नाना शंकरशेट. नाना चौकातून रोज जाणाऱ्या किती जणांना हे नाना कोण ते ठाऊक असेल, देव जाणे!

घराणं दैवज्ञ ब्राह्मणांचं. व्यापार आणि सावकारी हा व्यवसाय. १८२२ साली वडील वारले आणि ऐन तारुण्यात पेढीचा भार नानांवर आला. अरब आणि अफगाण व्यापारी आपला पैसा बँकेत न ठेवता नानांकडे ठेवत. ना भाषा एक, ना धर्म एक. पण गिरगावच्या या शेटचा शब्द त्यांना पुरत असे.

मला मात्र नानांच्या तिजोरीपेक्षा त्यांच्या जमिनीचं अप्रूप जास्त वाटतं. ग्रँट रोडला १८४६ साली नाट्यगृह झालं ते त्यांच्या जागेवर. तिथंच १८५३ साली विष्णुदास भाव्यांच्या मंडळींनी मराठी नाटकं केली. मुलींना शिकवणं लोकांना रुचत नव्हतं, त्या काळात मुलींच्या शाळेला त्यांनी आपल्या आवारात जागा दिली. रेल्वे कंपनीच्या दहा संचालकांत भारतीय दोनच होते, जमशेटजी जीजीभाई आणि नाना.

पण गिरगावकरांवर त्यांचे खरे उपकार सोनापूरचे. वस्ती वाढली, तसं तिथलं स्मशान शिवडीला हलवायचं सरकारच्या मनात आलं. कागदावर हे सोपं होतं. पण श्रोतेहो, तेव्हा ट्राम नव्हती, बस नव्हती. मयत खांद्यावरून न्यायची. गिरगावातल्या गरिबानं चार माणसं घेऊन शिवडी गाठायची कशी? श्रीमंताला गाडी होती, त्याचं अडलं नसतं. नानांचंही नसतं. तरी ते सरकारशी भांडले आणि स्मशान जागच्या जागी राहिलं.

पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर अख्खी मुंबई तुटून पडली. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली आणि भल्याभल्यांची दिवाळी निघाली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नाना गेले.

मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळे. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली. हेच चिंतामणराव १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.