ओठावरील फोड आणि परस्पर आणलेले मलम



ताप उतरता उतरता ओठाच्या कडेला पाण्याचे फोड उठले, की ‘अंगातला ताप बाहेर पडला’ असे आपण म्हणतो. वस्तुतः हा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा उपद्रव होय. तो बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप शमतो. तथापि चेहऱ्यावरील फोड कोणास रुचत नाहीत आणि दुकानातून परस्पर मलम आणले जाते.

अमेरिकेत डोकोसॅनॉलचे १० टक्के मलम सन २००० पासून चिठ्ठीविना मिळते. ते सौम्य गणले जाते. तरीही लावल्या जागी आग, खाज, कोरडेपणा वा पुरळ संभवते. आपल्याकडील असायक्लोव्हिर मलमानेही काहींना जळजळ होते. एवढ्याने घाबरू नये. परंतु चेहरा वा जीभ सुजणे, अंगावर गांधी उठणे, धाप लागणे ही ॲलर्जीची लक्षणे होत. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.

खरा धोका निराळाच आहे. कोणत्याही पुरळावर चालते म्हणून स्टेरॉइडयुक्त मलम लावले जाते. ते लाली दडपते, पण विषाणूस मोकळे रान देते. त्वचाही पातळ होते. अशा अनेक मलमांना केंद्र शासनाने २०१८ मध्ये चिठ्ठी अनिवार्य केली आहे.

मलमाने त्रास झाल्यास नळी फेकू नका, डॉक्टरांस दाखवा. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णासही नोंद करता येते. एकाने केलेली नोंद दुसऱ्याचे रक्षण करते.