शितावरून भाताची परीक्षा
(महोत्सवप्रसंगी दिलेले भाषण)



उत्सवाच्या व्यासपीठावर संख्याशास्त्रासारखा रुक्ष विषय मांडायला मला सांगितले, हे चालकांचे धाडसच म्हणावे लागेल. पण आपला न्यास ज्या मदतीचे वाटप करतो, ते उद्या अशाच आकड्यांवरून ठरणार असेल, तर ते आकडे कसे वाचावे हे देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही जाणले पाहिजे. म्हणून आपला थोडा वेळ घेतो.

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. घरची बाई सगळा भात चिवडीत बसत नाही, चार शिते दाबून पाहते. नमुना पाहणी म्हणजे हेच. पातेले घरचे असो की समाराधनेचे, शिते तेवढीच पुरतात. मात्र आधी डावाने भात खालवर करावा लागतो. या शास्त्राचे सारे मर्म एवढ्यात आले.

आता शिते किती घ्यावीत? चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १०० माणसांना विचारले, तर येणारा आकडा खऱ्यापेक्षा शेकडा सुमारे १० ने वर किंवा खाली असू शकतो. ४०० जणांना विचारले तर ५ ने, १६०० जणांना विचारले तर अडीचाने. म्हणजे चूक निम्मी करायची तर श्रम चौपट! यालाच चुकीची मर्यादा म्हणतात. अशा १०० पाहण्या केल्या, तर सुमारे ९५ वेळा खरा आकडा त्या मर्यादेत सापडेल, एवढेच तिचे आश्वासन असते. उरलेल्या पाचांत आपली पाहणी नसेलच, अशी हमी कोणी देत नाही.

पुष्कळांना वाटते की प्रदेश लहान, तर माणसेही थोडी पुरतील. तसे नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती, पेडणे तालुक्याची ७५,७४७ आणि डिचोलीची ९७,९५५. साऱ्या गोव्यासाठी ४०० माणसे लागत असतील, तर एकट्या पेडण्यासाठीही जवळजवळ तेवढीच लागतात. म्हणूनच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी उत्तर गोवा जिल्ह्याचा अंदाज देते, पण तालुक्याचा देत नाही. जिल्ह्याचा आकडा उचलून तो आपल्या तालुक्याचा म्हणून सांगणे बरे नव्हे.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या कार्यकर्त्यांनी दोन्ही तालुक्यांतली प्रत्येकी ४० घरे पाहिली. पेडण्यात १२ घरांतल्या मुलांना शिक्षणासाठी मदतीची गरज दिसली, डिचोलीत १६ घरांतल्या. म्हणजे शेकडा ३० आणि शेकडा ४०. लगेच कोणी म्हणेल, डिचोलीची गरज मोठी, तेव्हा पेडण्याच्या शिष्यवृत्त्या कमी करा. पण एवढ्या थोड्या घरांवरून काढलेल्या या दोन आकड्यांतील तफावतीला शेकडा सुमारे २१ ची मर्यादा आहे, आणि आपल्याला दिसलेला फरक फक्त १० चा. ही पाहणी दोन तालुक्यांत भेद दाखवीत नाही. भेद नाही असेही ती सिद्ध करीत नाही. अशा आकड्यावरून एखाद्या पोराचे कॉलेज सुटले, तर तो दोष गणिताचा नव्हे, आपल्या घाईचा.

दुसरी गोष्ट, भात ढवळण्याची. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल ज्येष्ठांना आठवत असेल. फूल की दोन पाने, विलीनीकरण की संघप्रदेश, हा प्रश्न होता. त्याला ‘ओपिनियन पोल’ म्हणत असले तरी ती नमुना पाहणी नव्हती. प्रत्यक्ष मतदान होते. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ मते पडली, बाजूने १,३८,१७०. पेडणे आणि डिचोलीचा कल मात्र फुलाकडे होता. त्या दिवसांत कोणी याच दोन तालुक्यांत हजारो लोकांना विचारून साऱ्या गोव्याचे भाकीत केले असते, तर ते साफ उलटे ठरले असते. आणि फक्त सासष्टीत विचारले असते, तर दोन पानांचे मताधिक्य भलतेच फुगून दिसले असते. माणसे कितीही वाढवली, तरी एका कडेचा भात म्हणजे पातेले नव्हे.

तिसरी चूक मापाची. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांत ती दाखवून दिली. शेतात लहानशी चौकट टाकून पीक कापले, की कडेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा हात वळतो. चौकट जितकी लहान, तितका कडेचा वाटा मोठा; म्हणून उत्पन्न फुगून दिसते. असे हजार प्रयोग केले तरी ती चूक जात नाही, कारण ती प्रत्येक वेळी एकाच बाजूला झुकते. प्रा. महालनोबीस यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाशीही त्यांचा या प्रश्नावर मतभेद झाला; पण वाद झडला तो शेतातल्या मोजमापावर. आपल्या पाहणीतही अशी कड असते. मुंबईला गेलेल्यांची बंद घरे सुटतात, आणि चारचौघांत विचारले की मानी गृहस्थ आपली अडचण सांगत नाही. चुकीच्या मर्यादेत यातले काहीच मोजलेले नसते.

तेव्हा यापुढे कोणताही आकडा पुढे आला की चार प्रश्न विचारावेत. किती जणांना विचारले? त्यांना कसे निवडले? कोण सुटले? आणि प्रश्न कोणत्या शब्दांत, कोणासमोर विचारला? उत्तरे मिळाली तर आकड्याचा मान राखावा. न मिळाली तर निर्णय थोडा थांबवून आणखी घरांची पायरी चढावी.

आपल्या वडीलधाऱ्यांनी हा न्यास उभारला तो दारोदार जाऊन. आकडे ती वाट सोपी करतील, पण चालण्याचे श्रम वाचवणार नाहीत.