तटस्थ देश युद्धात कसा ओढला जातो
(वर्धापनदिनी विहारात दिलेले भाषण)



बाबासाहेबांचे ग्रंथ समुद्रात बुडाले, हे आपण घरोघर सांगतो. पण ते कशापायी बुडाले, हे आम्ही पोरांना कधी सांगितलंच नाही. आज तेवढंच सांगायचं आहे.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटलं, पण अमेरिका तटस्थ होती. तटस्थ म्हणायची, बरं का! माल आणि कर्ज बहुतेक इंग्लंड-फ्रान्सलाच जात होतं, कारण जर्मनीची समुद्रवाट इंग्रज आरमाराने अडवली होती. जर्मनीने मग पाणबुड्या सोडल्या.

७ मे १९१५ रोजी ‘लुसिटानिया’ हे इंग्रजी प्रवासी जहाज बुडालं. सुमारे १,२०० माणसं मेली, त्यांत १२८ अमेरिकन. राष्ट्राध्यक्ष विल्सन लढाईत उतरले नाहीत, त्यांनी निषेधाचे खलिते धाडले. मार्च १९१६ मध्ये ‘ससेक्स’वर टॉर्पेडो आदळला, तेव्हा त्यांनी बजावलं की हे थांबलं नाही तर संबंध तोडू. मे महिन्यात जर्मनीने शब्द दिला. लोकांना वाटलं, गंडांतर टळलं. आम्हाला विचाराल तर अमेरिका तिथंच अडकली. आता जर्मनीने शब्द मोडला, की विल्सनना मागे फिरायला वाट नव्हती. आणि त्याच नोव्हेंबरात, ‘यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं’ या प्रचारावर ते पुन्हा निवडून आले!

१ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने पाणबुड्या पुन्हा मोकाट सोडल्या. ३ तारखेला संबंध तुटले. त्यातच जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची गुप्त तार इंग्रजांनी उलगडली. अमेरिका युद्धात पडलीच तर मेक्सिकोने आमच्या बाजूने यावं. टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत घ्यावेत, असा तिचा मजकूर. १ मार्चला ती वर्तमानपत्रांत आली. पुष्कळांना ती बनावट वाटली. दोनच दिवसांनी झिमरमानसाहेबांनी स्वतःच कबूल केलं, तार आपलीच! त्याच महिन्यात अमेरिकन जहाजंही बुडाली. ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली.

बाबासाहेब तेव्हा लंडनला होते. शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून शिक्षण अर्धवट टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईला पोचले. सामान दुसऱ्या जहाजाने येत होतं. ते टॉर्पेडोने बुडालं. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं त्यातच होती.