शेवटचा चेंडू

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)



मी काही वक्ता नाही. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून थेट रुळावर उतरलेला माणूस आहे. आमचं बोलणं ट्रॅकमनशी, नाहीतर फोनवर कंट्रोलशी. चिटणीसांनी मला आज वीस मिनिटांचा ब्लॉक दिला आहे. वेळेत लाइन क्लिअर करून देण्याचा प्रयत्न करतो.

आपण ज्याच्यासमोर बसलो आहोत त्याच्या एका शर्यतीची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकली आहे. कार्तिकेयाकडे मोर, बाप्पाकडे उंदीर, आणि म्हणे दोघांनी पृथ्वीप्रदक्षिणा घाला! बाप्पाने आईवडिलांना प्रदक्षिणा घातली आणि तो जिंकला. आपण बाप्पाच्या बुद्धीचं कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण मला अलीकडे वाटतं, मोर आणि उंदीर यांना एकाच रेषेवर उभं करणाऱ्याने आधी जरा विचार करायला हवा होता. हा विचार माझ्या डोक्यात आला तो आमच्या चिरंजीवामुळे.

त्याला तुम्ही सगळे ओळखता. आरतीला झांजा घेऊन सगळ्यांत पुढे उभा असतो तो. घरी आणि कॉलनीत त्याला ‘बाळ’ म्हणतात. हे बाळ आता अठरा वर्षांचं आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती. म्हणूनच जगभरात 21 मार्च, तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख, हा डाउन सिंड्रोम दिवस पाळतात. हा आजार नव्हे, त्यामुळे त्याला औषधही नाही. हे समजायला मला दोन वर्षं लागली आणि माझ्या आईला दहा. तिने संकष्ट्या धरल्या, नवस बोलले. शेवटी एका चतुर्थीला चंद्र पाहून आत आली आणि म्हणाली, “आता मी बाप्पाला त्याला बरं कर म्हणत नाही. त्याला मित्र दे म्हणते.” आमच्या घरातला सगळ्यांत शहाणा ठराव तो.

मित्र कुठे मिळतात? मैदानावर. पण मैदानावर त्याला घेणार कोण? क्रिकेटमध्ये त्याला कायम सीमेवरचे चेंडू आणून द्यायला उभं करत. आपल्या मंडळाच्या संगीत खुर्चीत एकदा तो पहिला आला. मला फार आनंद झाला. घरी जाताना त्याची ताई म्हणाली, “बाबा, काकांनी गाणं मुद्दाम थांबवलं.” ज्यांनी थांबवलं त्यांचं मन किती मोठं, हे मी जाणतो. त्यांच्यावर राग नाही. पण बाळने ते बक्षीस उघडलं नाही. कितीतरी दिवस ते कपाटावर तसंच होतं. मी समजलो, त्याला रंगीत कागद आवडला असेल.

पुढे एका विशेष शिक्षकांकडून स्पेशल ऑलिम्पिकची माहिती मिळाली. इथे आपला नेहमी घोटाळा होतो, म्हणून थोडं सांगतो. कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धा सर्वांत जुन्या, 1924 मध्ये पॅरिसला सुरू झालेल्या. पॅरालिम्पिक 1960 मध्ये रोमला सुरू झालं आणि ते मुख्यत्वे शारीरिक व दृष्टीच्या अपंगत्वासाठी आहे. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मात्र मिळाली 2018 मध्ये. सांगलीकडचेच सचिन खिलारी यांनी 2024 मध्ये पॅरिसला गोळाफेकीत 16.32 मीटरची फेक करून रौप्य आणलं. त्या वर्षी भारताची पदकं 29 झाली.

स्पेशल ऑलिम्पिक ही वेगळी चळवळ आहे, ती बौद्धिक दिव्यांगांसाठी. ज्यांना आपण पूर्वी सरसकट ‘मतिमंद’ म्हणत असू, त्यांच्यासाठी. ती सुरू झाली एका कुटुंबातून. अमेरिकेच्या युनिस केनेडी श्रायव्हर यांची थोरली बहीण बौद्धिक दिव्यांग होती. 1962 मध्ये युनिसबाईंनी आपल्या घराच्या आवारातच अशा मुलांसाठी खेळांचं शिबिर भरवलं. 1968 मध्ये शिकागोला पहिल्या स्पर्धा झाल्या. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धांत आपल्या मुलामुलींनी 202 पदकं मिळवली. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं? मलाही नव्हतं.

या स्पर्धांची एक पद्धत मला इंजिनिअर म्हणून फार पटली. आधी प्राथमिक फेरी घेतात. त्यात प्रत्येकाची खरी क्षमता पाहतात. मग वय, लिंग आणि क्षमता यांनुसार गट पाडतात. म्हणजे मोर मोरांत आणि उंदीर उंदरांत. त्यानंतर मात्र खेळ चुरशीचा. तिथे कुणी गाणं मुद्दाम थांबवत नाही. दुसरी पद्धत ‘युनिफाइड’ खेळांची. एकाच संघात काही दिव्यांग खेळाडू आणि काही बिगरदिव्यांग जोडीदार. जोडीदार शक्यतो जवळच्या वयाचा आणि जवळच्या कौशल्याचा असावा. त्याने खेळ आपल्या ताब्यात घ्यायचा नाही, हा त्यातला मुख्य नियम.

डाउन सिंड्रोमच्या काही मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सूर मारणं, कोलांट्या, डोक्याने चेंडू मारणं टाळायला सांगितलं. हे मी मुद्दाम सांगतो. आपल्यापैकी कुणाच्या घरी असं मूल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाही खेळ सुरू करू नका. आम्ही बोची निवडली. तुम्ही म्हणाल, ही काय भानगड! अहो, गोट्यांची मोठी बहीण समजा. साठ फूट लांब, बारा फूट रुंद पट्टी. आधी एक लहान चेंडू टाकायचा, त्याला पॅलिना म्हणतात. मग दोन्ही बाजूंनी चार-चार मोठे चेंडू हात खाली ठेवून सोडायचे. ज्याचे चेंडू पॅलिनाच्या जास्त जवळ, त्याचे गुण. डोळ्यांना कळलं नाही तर टेप लावून मोजायचं. टेप म्हटल्यावर मी खूश! कॉलनीतल्या मोकळ्या जागेत परवानगी काढून आम्ही पट्टी केली. मुरूम चाळला, कडेला फळ्या लावल्या, लेव्हल मी स्वतः घेतली. माझ्या सेक्शनवरच्या ट्रॅकमन मंडळींनी सुट्टीच्या दिवशी येऊन धुमस मारली. त्यांचे आभार कुठल्या तोंडाने मानू?

आता माझी चूक सांगतो. आजचं भाषण खरं तर त्यासाठीच आहे.

शहरात एक सरावस्पर्धा होती, युनिफाइड दुहेरी. पालकांनाही जोडीदार म्हणून घेणार होते. बाळ आणि मी. दुहेरीत प्रत्येकाला दोन-दोन चेंडू. कोणी आधी टाकायचे, ते जोडीने ठरवायचं. मी प्रत्येक डावात त्याचे दोन्ही चेंडू आधी टाकून घेतले आणि माझे राखून ठेवले. त्याने टाकले की “शाब्बास” म्हणायचं आणि मग आपण नेम धरून डाव सावरायचा. आम्ही अंतिम सामना जिंकलो. टाळ्या झाल्या, फोटो झाले. प्रशिक्षक मला बाजूला घेऊन इतकंच म्हणाले, “सर, आप जीत गए. टीम नहीं खेली.” मला राग आला. वाटलं, घरदार, ड्यूटी सांभाळून एवढं करतो आणि हे ऐकून घ्यायचं?

घरी आलो. आईने दारातच विचारलं, “कोण जिंकलं रे?” बाळने गळ्यातलं पदक काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “बाबा जिंकले.” आणि आत निघून गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कपाटावरचं ते न उघडलेलं बक्षीस तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. त्याला रंगीत कागद आवडला नव्हता. ते बक्षीस आपलं नाही, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. संगीत खुर्चीत काकांनी जे केलं तेच मी केलं होतं. फरक एवढाच की त्यांनी त्याला दिलं आणि मी त्याच्याकडून घेतलं.

माझ्या सहकाऱ्यांना ठाऊक आहे, वळणावर आपण बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतो. त्याला कॅन्ट म्हणतात. बाहेरच्या रुळाचे फाजील लाड केले, असं कुणी म्हणत नाही. गाडी वळणावरून नीट जावी म्हणून ती सोय असते. दिव्यांगांसाठी नियम थोडे बदलणं, गट पाडणं, हा कॅन्ट आहे, उपकार नव्हेत. पण आपल्याच लाइनवर कोळशाच्या मालगाड्या किती संथ चालतात ते पाहा. त्या गाड्यांच्या मानाने कॅन्ट जास्त झाला की सगळा भार आतल्या रुळावर येतो आणि तो रूळ झिजतो. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. मी माझ्या मुलाला जरुरीपेक्षा जास्त कॅन्ट देत होतो, आणि झिजत तोच होता.

दुसऱ्या दिवशी मी जोडीदारी सोडली. ताईने घेतली. ती त्याच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी, आणि खरं सांगायचं तर तिचा नेम बाळपेक्षा फार चांगला नाही. पहिले कित्येक महिने दोघं नुसती भांडत. ती ओरडायची, “अरे, हळू सोड!” तो चेंडू टाकून घरी निघून यायचा. सौ. म्हणायची, मध्ये पडू नका. मी टेप घेऊन गप्प बसायला शिकलो. नोकरीत इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं ते!

पुढच्या वर्षी तीच स्पर्धा. उपांत्य सामना, शेवटचा डाव, गुण बरोबरीत. प्रतिस्पर्ध्यांचा एक चेंडू पॅलिनापासून जेमतेम वीतभर. ताईने तिचे दोन्ही चेंडू आधीच टाकून घेतले होते. शेवटचा चेंडू बाळच्या हातात. मी बाहेरून ओरडणार होतो. सौ.ने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. बाळने वेळ घेतला. चेंडू सुटला, मुरमावरून सरसरत गेला आणि पॅलिनाशेजारी थांबला. कुणालाच काही कळेना. पंचांनी टेप लावला. बाळ गुडघ्यांवर बसून टेपकडे पाहत होता. दोन बोटांच्या फरकाने आम्ही हरलो.

घरी आलो. आईने पुन्हा तेच विचारलं. बाळने दोन बोटं वर केली आणि म्हणाला, “आजी, आम्ही हरलो. एवढंच.” आणि जेवायला बसला. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मंडळी, मागच्या वर्षी ‘बाबा जिंकले’ आणि या वर्षी ‘आम्ही हरलो’. यातल्या ‘आम्ही’ या एका शब्दासाठी मी आज इथे उभा आहे. आम्ही नवरा-बायको कायमचे नाही. आमच्यामागे त्याचं कोण, ही चिंता अशा प्रत्येक घरात दिवा मालवल्यावर बोलली जाते. ती चिंता पदकाने जात नाही. पण ज्याला ‘आम्ही’ म्हणता येतं, तो एकटा नाही, एवढा धीर त्या रात्री आला.

आता मंडळाला तीन विनंत्या. पहिली, आपल्या क्रीडास्पर्धांत पुढच्या वर्षी एक तरी खेळ मिश्र जोडीचा असावा आणि त्यात गाणं कुणासाठी मुद्दाम थांबवू नये. दुसरी, सोळा ते वीस वयाच्या मुलामुलींनी रविवारी सकाळी एक तास पट्टीवर यावं. आमच्याकडे खेळाडू सहा आहेत आणि जोडीदार दोनच. समाजसेवा म्हणून येऊ नका, खेळायला या. आणि हरलात तर रागवा! तिसरी विनंती अशा मुलांच्या पालकांना. स्पर्धेला बाहेरगावी न्यायचं म्हटलं की खर्चाने पाय मागे घेऊ नका. एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांगाला आणि त्याच्यासोबतच्या माणसाला रेल्वेच्या तिकिटात सवलत आहे. स्लीपर आणि थर्ड एसीला ती 75 टक्के आहे. कागदपत्रं कशी करायची ते मला विचारा. ड्यूटीवर नसेन तेव्हा मी स्वतः सोबत येईन.

शेवटी एकच. मघाशी मी त्याला बाळ, बाळ म्हणत होतो. स्पर्धेच्या गुणपत्रकावर मात्र त्याचं पूर्ण नाव असतं, आणि ते पुकारलं की तो छाती काढून उभा राहतो. परवा त्याने घरात बजावून सांगितलं आहे की आता बाळ म्हणायचं नाही. सवय मोडायला आम्हाला वेळ लागतो आहे, हे तुम्ही आज पाहिलंच. निदान आजच्या आरतीला त्याला बोलावताना पूर्ण नावाने बोलवा, ही चौथी विनंती. ती माझी नाही, त्याची आहे.

ब्लॉकची वेळ संपली. गणपती बाप्पा मोरया!