माळ उतरली, पण शील कुठे होते?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला, ‘धम्माने आम्हाला काय दिले’. विषय मोठा आहे आणि आमचे शिक्षण दहावी नापास, तेही गणितात. म्हणून तत्त्वज्ञान सांगत नाही, आमच्या घरात जे घडले तेच सांगतो. लिहून आणले आहे, कारण 32 वर्षे रिंग खात्याच्या आवाजात काम केल्यामुळे आम्हाला ओरडून बोलायची सवय आहे. कागद हातात असला की आवाज जरा खाली राहतो. आणि आम्ही ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणासाठी नव्हे. धर्म बदलायचा म्हणजे एकट्याला कधी जमत नाही, त्यात आई असते, बाप असतो, बायको-पोरे असतात, शेजारी असतात. त्या सगळ्यांना धरून आम्ही.

आमचे मूळ गाव मंगळवेढ्याच्या बाजूला. मंगळवेढे म्हणजे जिथे गावकुसाची भिंत पडून चोखोबा गेले, ते. पिढ्यान्‌पिढ्या आमचे घर माळकरी. आज्जा पंढरीची वारी करायचा, पण देवळात जायचा नाही, जाऊच देत नव्हते. महाद्वारासमोर चोखोबाच्या समाधीपाशी उभे राहायचे, वर कळस बघायचा, हात जोडायचे आणि चालत परत. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी उपोषण केले आणि विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्यांना खुले झाले. त्या वर्षीच्या आषाढीला आज्जा आमच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना घेऊन आत गेला. आप्पा तेव्हा 12 वर्षांचे. बाहेर आल्यावर आज्ज्याने त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली आणि शब्द घेतला की, आत जायला मिळालं त्या दिवशीची ही माळ हाय, ती मरेस्तोवर काढायची न्हाई.

तो शब्द आप्पांनी पाळला, आणि आमची गोष्ट तिथूनच सुरू होते.

1956 साली आप्पा मुंबईत गिरणीत होते. 7 डिसेंबरला बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत दादरपर्यंत रडत चालत गेले. तिथे भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना धम्मदीक्षा दिली, हे आपणा सर्वांना माहीत आहे. लाखोंच्या गर्दीत आजूबाजूचे हात वर गेले. आप्पांचा हात वर गेला नाही, कारण गळ्यात माळ होती. हे त्यांनी आम्हाला फार उशिरा, एकदाच सांगितले.

आमच्या लहानपणी घरात शिस्त म्हणजे शिस्त. पहाटे चारला अंघोळ, मग गोपीचंदनाचा टिळा, संध्याकाळी हरिपाठ. आप्पा दुसऱ्या पाळीला असले तर हरिपाठ आम्ही पोरांनी म्हणायचा, आणि रात्री बारानंतर येऊन ते आईला विचारायचे, म्हटला का? एकादशीला साबुदाणा नसेल तर नुसते पाणी. बाहेरचे खायचे नाही. आठव्या वर्षी आमच्याही गळ्यात माळ आली. चाळीत 14 एप्रिलला जयंती व्हायची, ढोल-लेझीम, रात्री मटणाची पंगत. सगळी पोरे खाली आणि आम्ही गॅलरीत कठड्याला धरून उभे. आप्पा मिरवणूक बघू द्यायचे, पंगतीला बसू द्यायचे नाहीत. चाळीत आम्हाला ‘बुवाची पोरं’ म्हणत. गावाकडे आम्ही सवर्णांना नको आणि चाळीत आपल्याच माणसांत वेगळे.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. चुलीचे हाल काय झाले ते इथल्या थोर मंडळींना सांगायला नको. त्या वर्षी आप्पा म्हणाले, काम नाही तर आळंदीहून पुरी वारी करू. शाळा बुडवून 13 वर्षांच्या पोराला बरोबर घेतले. खोटे कशाला बोलावे, ते चालणे आम्हाला फार आवडले. टाळाचा ठेका, पावसाची भुरभुर, म्हाताऱ्या बायका डोक्यावर तुळस घेऊन आमच्याहून भरभर चालायच्या. आजही पखवाज ऐकला तर पाय हलतो. ज्यांना हे ऐकून राग येईल त्यांनी क्षमा करावी.

पण फलटणच्या पुढे एका मुक्कामी काय झाले ते ऐका. ज्या दिंडीच्या मागून आम्ही चालत होतो तिथे पंगत बसली होती. एकाने आप्पांना गाव विचारले, मग आडनाव विचारले. आडनाव ऐकल्यावर तो काही बोलला नाही, नुसता हसला आणि म्हणाला, माउली, तुमी जरा तिकडं बसा, तुमाला तिकडंच आणून वाढतो. ‘माउली’ म्हणूनच म्हणाला, शिवी दिली नाही. आम्ही झाडाखाली बसलो. वाढणाऱ्याने भाकरी वरून टाकली.

आम्ही आप्पांना विचारले, दिवसभर एकमेकांच्या पाया पडतात आणि जेवताना हे का? आप्पा म्हणाले, “चोखोबा बी भाईरच हुता लेका. त्याचं काय कमी झालं?”

हे उत्तर आमच्या घशात त्या भाकरीसारखे अडकले. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा, त्याने देवाला फार टोचून सवाल केले आहेत. आप्पांना ते अभंग पाठ होते, पण त्यांनी ते कधी मोठ्याने म्हटले नाहीत.

पुढे चाळीच्या वाचनालयात आम्हाला एक गोष्ट वाचायला मिळाली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी 1956 साली एक प्रास्ताविक लिहिले होते, त्यात त्यांच्या घरची हकीकत आहे. रामजीबाबा कबीरपंथी, घरात धर्माची करडी शिस्त. मुलांकडून ते रामायण-महाभारत वाचून घेत. बाबासाहेबांनी वडिलांना विचारले की, ज्या पोथ्यांत आपल्यासारख्यांना खाली दाखवले त्या का वाचायच्या? वडिलांनी द्रोणाचे, कर्णाचे, वाल्मीकीचे उदाहरण दिले की, लहान असूनही ही माणसे किती चढली बघ, तुझ्या मनातला न्यूनगंड जावा म्हणून हे वाचायचे. बाबासाहेबांचे समाधान झाले नाही. आणि 1907 साली मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, तिथून त्यांचा शोध वेगळ्या वाटेने गेला. ते वाचले त्या रात्री आम्ही झोपलो नाही. आमची बरोबरी बाबासाहेबांशी नाही, कुठे सूर्य आणि कुठे आमची कंदिलाची वात! पण बापाला प्रश्न विचारून समाधान न झालेला मुलगा त्यांच्याही घरात होता, एवढे कळले.

1988 ला आम्ही गिरणीत बदली म्हणून लागलो, आप्पांच्याच रिंग खात्यात. आधीच्या पिढ्यांना विणाई खात्यात घेत नसत. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, आपल्या तोंडाचा धागा इतरांना चालत नव्हता. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावला होता. खात्यातल्या जुन्या माणसांकडून हे ऐकताना आम्हाला फलटणची भाकरी आठवायची.

1991 हे बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष. त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला आम्ही याच विहारात त्रिशरण-पंचशील घेतले, 22 प्रतिज्ञा म्हटल्या आणि माळ काढली. घरी येऊन आप्पांपुढे ठेवली. आम्हाला वाटले होते मारतील. त्यांनी माळ कपाळाला लावली, आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या ताटाला ताट लावेनात. ज्या माणसाला आयुष्यभर पंगतीबाहेर बसवले, त्याने आपल्या पोराला पंगतीबाहेर काढले! दहा बाय बाराच्या खोलीत दोन स्वयंपाक. आई वैतागून म्हणायची, “तुमचं द्येव दोन झालं, पन माजा इस्टू येकच हाय.”

आता जे सांगतो ते सांगायला जीभ जड होते, पण तरुण मंडळी समोर आहेत म्हणून सांगतो. माळ काढल्यावर आम्हाला मोकळे वाटले. मोकळे म्हणजे किती? मटण आले ते ठीक, त्याच्या मागून बाटली आली. गिरणीच्या गेटाबाहेर मित्रमंडळी, पगाराचा दिवस, ‘आता कसली बंधनं!’ 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती आम्ही तोंडाने म्हटली होती आणि तोंडानेच मोडत होतो. जयंतीच्या वर्गणीला पुढे, मोर्चाला पुढे, घोषणा सगळ्यांत मोठ्या, आणि रात्री जिना चढताना भिंतीचा आधार. लग्न झाले, मुलगी झाली, तरी तेच. एका रात्री आप्पांनी दार उघडले आणि एवढेच म्हणाले, “माळ हुती तवा सरळ चालत घरी येत हुतास.”

या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. अजून नाही.

आम्ही हिंदू धर्म सोडला होता, पण धम्म धरला नव्हता. जुने घर पाडले आणि नवे बांधायचे सोडून त्याच जागेवर उघड्यावर झोपलो.

सुटका कशी झाली, तर अगदी साध्या कारणाने. 1996 च्या वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन ठेवले. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने, रोज संध्याकाळी सात वाजता. वाचणारे नेहमीचे गुरुजी आजारी पडले. कोणीतरी म्हणाले, बुवाच्या पोराचा आवाज चांगला आहे, त्याला बसवा. हरिपाठाने घासलेला आवाज असा कामाला आला, गंमत बघा! आता सात वाजता बायाबापड्यांसमोर, बुद्धमूर्तीसमोर बसायचे तर तोंडाला वास घेऊन कसे बसणार? पहिले दोन दिवस वाचून झाल्यावर गेलो. तिसऱ्या दिवशी वाचनात शीलाचा भाग आला. समोर आमची बायको बसली होती, तिने मान खाली घातली. त्या दिवशी गेलो नाही. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सोबत्याशी पाळी बदलून घ्यायचो. तीन महिने असे गेले, आणि मग सवयच मोडली. मध्ये एकदा घसरलो, 11 जुलै 1997 ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, आपली 10 माणसे मारली गेली, त्यानंतर आठ दिवस डोके ठिकाणावर नव्हते. पण पुढे वर्षावास आला आणि पुन्हा वाचायला बसलो. तेव्हापासून थेंब नाही.

दुसऱ्या वर्षीच्या या वाचनाला एक दिवस आप्पा आले. आत आले नाहीत. बाहेर पायरीवर, चपला काढतात तिथे बसले. त्या दिवशी सुनीताचा प्रसंग होता. सुनीत राजगृहाचा झाडूवाला. तथागत भिक्खूसंघासह येताना दिसले तेव्हा त्याला लपायला जागा सापडेना, म्हणून तो भिंतीला चिकटून हात जोडून उभा राहिला. तथागत त्याच्याजवळ गेले, त्याच्याशी बोलले आणि त्याला संघात घेतले.

वाचन संपवून बाहेर आलो तर आप्पा तिथेच. म्हणाले, “आत घेतला का भाईरच ठिवला?”

आम्ही म्हणालो, “आत घेतला आप्पा. संघात. इतर भिक्खूंच्या बरोबरीनं.”

ते काही बोलले नाहीत. काठी घेऊन निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी परत आले, आणि वर्षावास संपेपर्यंत रोज आले. रोज पायरीवरच. आम्ही आत बोलावले, महिला मंडळाच्या मावशींनी बोलावले. “हितं ऐकू येतंय,” म्हणायचे. मात्र त्या वर्षीपासून त्यांनी आमच्या ताटाला ताट लावले. त्यांचे वरण-भाकरी, आमचे आमचे.

आप्पांनी दीक्षा घेतली नाही. 2004 साली ते गेले. जायच्या आधी दोन गोष्टी सांगितल्या : माळ गळ्यातच ठेवा, आणि भजन म्हणत न्या. आमच्यापुढे मोठा पेच. सहावी प्रतिज्ञा श्राद्ध-पिंडदान न करण्याची आहे, ती आम्ही मोडणार नव्हतो. पण भजन? वस्तीतल्या काही वडीलधाऱ्या मंडळींनी स्पष्ट सांगितले, विठ्ठलाचे भजन झाले तर आम्ही खांदा देणार नाही. आम्ही हात जोडून म्हणालो, हा आमचा धर्म नाही, आमच्या बापाचा आहे, आणि प्रेत त्याचे आहे. स्मशानापर्यंत टाळ वाजले. पिंड ठेवला नाही, कावळ्याची वाट पाहिली नाही. सातव्या दिवशी या विहारात भन्तेजींच्या हस्ते पुण्यानुमोदन केले. काही माणसे त्यानंतर वर्ष-दोन वर्षे आमच्याशी बोलत नव्हती. त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही. ज्यांनी 1956 साली देव नदीत सोडले, त्यांना टाळाचा आवाज कसा लागत असेल ते आम्हाला कळते. आम्ही बरोबर केले की चूक, हे तुम्ही ठरवा. आम्हाला आजही तसेच करावेसे वाटेल.

गिरणी मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. रिकाम्या हातांना ग्रंथ तेवढा राहिला. मधल्या काळात आमची पोरेही आम्हाला प्रश्न विचारू लागली आहेत. धाकटा म्हणाला, तुम्ही हरिपाठाची सक्ती सोडलीत आणि आम्हाला वंदनेची सक्ती करता. आम्ही त्याला सांगितले, बाबा, यायचे तर ये, पण प्रश्न घेऊन ये. येतो, कधी कधी. मुलगी मात्र नेमाने येते, आणि तिचा आवाज आमच्यापेक्षा चांगला आहे, आप्पांवर गेला आहे. येत्या आषाढ पौर्णिमेपासून वाचनाला तीच बसणार आहे. आम्ही ऐकायला असू. संध्याकाळी सात वाजता. ज्यांना आत बसायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी पायरीवर चटई टाकलेली असेल.

नमो बुद्धाय, जयभीम.